२८ दिवसांचा हिशेब : चौदा वर्षांच्या एका मुलीचे आणि तिच्या पालकांचे प्रकरण

येथे मांडलेले प्रकरण कोणा एका कुटुंबाचे नाही. किशोरवयीन मुली आणि त्यांचे पालक समुपदेशनासाठी येतात तेव्हा वारंवार समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून ते रचले आहे. त्यामुळे त्यातील मुलगी, तिची आई, वडील आणि धाकटा भाऊ ही माणसे प्रातिनिधिक आहेत. वैद्यकीय निकष आणि उपचारांविषयीची माहिती मात्र जशी आहे तशी दिली आहे.

मुलगी चौदा वर्षांची, नववीत शिकणारी. पाळी सुरू होऊन पावणेदोन वर्षे झालेली. तिला घेऊन आलेल्या आईची तक्रार अशी होती की, गेल्या सहा महिन्यांपासून मुलगी विनाकारण चिडते, खोलीचे दार लावून घेते, भावावर ओरडते, दर महिन्याला एक-दोन दिवस शाळा बुडवते आणि आवडीने सुरू केलेला धावण्याचा सरावही तिने सोडून दिला आहे. याचे कारणही आईच्या मनात निश्चित होते. पाळी जवळ आली की मुलगी बिथरते आणि पाळी संपली की काही दिवस शांत राहते, असे तिचे निरीक्षण होते. वडिलांचे म्हणणे थोडक्यात होते : हार्मोनची तपासणी करून औषध द्यावे. बाकीचे आईने पाहावे, कारण या विषयात आपण पडणे मुलीला आवडणार नाही, असे त्यांना वाटत होते.

मुलीची तक्रार वेगळी होती. आई-वडील बाहेर गेल्यावर तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे : “मी काहीही बोलले तरी आई म्हणते, तुझी पाळी जवळ आली वाटतं.” परीक्षेचा ताण आला, मैत्रिणीने बोलणे सोडले, भावाने वस्तू हरवली किंवा आईने खरोखरच अन्यायाने बोलले, तरी या एका वाक्यावर संभाषण संपत असे. काही महिन्यांनी तिने सांगणेच बंद केले होते. आईला दिसत होता तो अबोला यातून आलेला होता आणि तो अबोलाही पाळीच्याच खात्यात जमा होत होता.

पहिल्या भेटीत काय विचारले गेले

किशोरवयीन मुलीशी एकटीने बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणे ही या कामातील प्राथमिक गोष्ट आहे. मात्र त्याआधी मुलीसमोर आणि पालकांसमोर एक अट स्पष्ट सांगावी लागते : येथे सांगितलेले गुप्त राहील, पण मुलीच्या जिवाला धोका असल्याचे लक्षात आले तर पालकांना सांगितले जाईल आणि तेही मुलीला आधी कळवून. या मुलीला निराशेविषयी आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी थेट प्रश्न विचारण्यात आले. असा प्रश्न विचारल्याने मुलीच्या डोक्यात नको ते येईल ही पालकांची भीती समजण्यासारखी असली, तरी ती खरी नाही. विचारल्याने मुलीला मोकळे होता येते, एवढेच घडते. ती म्हणाली की कधीकधी सगळे बंद पडावे असे वाटते. मात्र मरण्याचा विचार, त्याची तयारी किंवा स्वतःला इजा केल्याचा प्रसंग नव्हता. “सगळे बंद पडावे” हे वाक्य पालकांपर्यंत कोणत्या शब्दांत जावे हे तिच्याशी बोलून ठरले आणि ते तिच्या उपस्थितीत सांगण्यात आले. वडील या प्रकरणात खऱ्या अर्थाने सहभागी झाले ते त्या क्षणापासून, असे म्हणावे लागेल.

औषधाची घाई न करता दोन गोष्टी ठरल्या. रक्तस्रावाविषयी मुलीने जे सांगितले त्यावरून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणे आणि सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद ठेवणे.

नोंदवही कोणाची

रोजच्या नोंदीचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. पाळीआधीच्या त्रासाविषयी आठवणीवर विसंबून विचारले तर माणसे त्याचा पाळीशी संबंध प्रत्यक्षाहून अधिक सांगतात. ज्या महिन्यात चिडचिड आणि पाळी एकत्र आल्या तो महिना लक्षात राहतो, ज्या महिन्यात त्या एकत्र आल्या नाहीत तो विसरला जातो. म्हणूनच पाळीआधीचा त्रास, म्हणजे पीएमएस, ओळखताना जागच्या जागी केलेली नोंद मागितली जाते. मान्य निकषांनुसार हा त्रास पाळीआधीच्या पाच दिवसांत दिसावा लागतो, पाळी सुरू झाल्यावर चार दिवसांच्या आत ओसरावा लागतो आणि त्याने रोजच्या व्यवहारात अडथळा यावा लागतो. चिडचिड, रडू येणे, उदासी, चिंता, झोप, थकवा, पोटातील कळा आणि रक्तस्राव यांची रोज रात्री तीव्रतेनुसार आकड्यात नोंद करणे एवढेच मुलीचे काम होते. शेजारी एक रिकामी ओळ होती. त्या दिवशी काय घडले ते तिला वाटल्यास तिथे लिहायचे.

येथे पहिला खटका उडाला. आई अनेक महिन्यांपासून सर्वांना दिसणाऱ्या दिनदर्शिकेवर मुलीच्या पाळीच्या तारखेभोवती वर्तुळ काढत असे. त्यामागे काळजीच होती, परंतु मुलीच्या दृष्टीने तिच्या शरीराची नोंद येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडी होती. नोंदवही आपणच भरावी, म्हणजे ती खरी राहील, असा आईचा आग्रह होता. समुपदेशकाने तो मान्य केला नाही. नोंदवही मुलीकडे राहील, दोन पाळ्यांनंतर तिचा सारांश ती स्वतः मांडेल आणि दिनदर्शिकेवरील वर्तुळे बंद होतील, असे ठरले. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत निर्णायक गोष्ट हीच होती. चौदाव्या वर्षी मुलीला पाळीचे वेळापत्रक स्वतः सांभाळता येते. ते दुसऱ्याने सांभाळले की तिच्या मनाचे वेळापत्रकही आपल्याला ठाऊक आहे असे त्या दुसऱ्याला वाटू लागते.

नोंदींनी काय दाखवले

नोंदवलेली दोन चक्रे अनुक्रमे ३४ आणि ४१ दिवसांची निघाली. पाळी अनियमित आहे म्हणून आई घाबरली, परंतु पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने येणारी पाळी सामान्य मानली जाते. या वयात दर महिन्याला अंडोत्सर्ग (बीजांडातून अंडे बाहेर पडणे) होतोच असे नाही आणि मेंदू व बीजांडे यांच्यातील संदेशांची घडी बसण्यास वेळ लागतो. सलग ९० दिवस पाळी न येणे ही मात्र एकदाच घडली तरी तपासण्याची गोष्ट आहे.

या आकड्यांचा खरा अर्थ नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यावर कळला. आई २८ दिवसांच्या हिशेबाने चालत होती. मागील पाळीपासून साधारण बाविसावा-तेविसावा दिवस उजाडला की तिच्या लेखी “ते दिवस” सुरू होत. दुसऱ्या चक्रात पंचविसाव्या दिवशी घरात मोठे भांडण झाले आणि आईने नेहमीचे वाक्य उच्चारले. प्रत्यक्षात पाळी आली ती त्यानंतर सतरा दिवसांनी. अंडोत्सर्ग साधारणपणे पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी होतो हे लक्षात घेतले, तर त्या चक्रात तो झाला असल्यास भांडणाच्या दिवशी झालेलाही नव्हता. पाळीआधीचा त्रास उद्भवतो तो अंडोत्सर्गानंतरच्या टप्प्यात. म्हणजे ज्या रागाला आईने हार्मोनचा राग ठरवले त्याचा पाळीशी काहीही संबंध नव्हता. त्या दिवसाच्या रिकाम्या ओळीत मुलीने लिहिले होते : “धावण्याच्या संघाची यादी लागली. मला कोणी विचारलं पण नाही.”

नोंदींत आईचे म्हणणे पूर्णपणे खोटेही ठरले नाही आणि हे मुलीलाही स्वीकारावे लागले. दोन्ही चक्रांत पाळीआधीचे चार-पाच दिवस चिडचिड आणि रडू येण्याचे आकडे चढलेले होते आणि पाळीच्या तिसऱ्या दिवशी ते खाली आलेले होते. तेव्हा पीएमएस होते, मध्यम स्वरूपाचे होते आणि त्याला नाव देणे योग्यच होते. त्यापलीकडे आणखी दोन रेषा दिसल्या. एक, थकवा महिनाभर सारखाच होता. दुसरी, उदासी आठवड्याच्या ठरावीक दिवशी, सरावाच्या आदल्या रात्री आणि सरावाच्या दिवशी वाढत होती. पाळीचे चक्र आठवड्याच्या वाराप्रमाणे चालत नाही. वार पाहून येणारी उदासी शाळेकडे बोट दाखवत होती.

पीएमडीडी या अधिक तीव्र विकाराचा विचार येथे करणे भाग होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र निदानाचे स्थान मिळाले. त्यासाठी ११ लक्षणांपैकी किमान ५ लक्षणे पाळीआधीच्या आठवड्यात असावी लागतात, त्यांत मनःस्थितीशी निगडित किमान एक लक्षण असावे लागते आणि पाळीनंतरच्या आठवड्यात ती जवळपास नाहीशी व्हावी लागतात. या मुलीची उदासी पाळीनंतर नाहीशी होत नव्हती. त्यामुळे ते निदान झाले नाही. आधीपासून असलेली उदासी पाळीआधी अधिक गडद होणे ही निराळी अवस्था आहे आणि तिला पीएमडीडी समजून उपचार केले तर मूळ दुखणे तसेच राहते.

वडिलांच्या हार्मोन तपासणीच्या आग्रहाचे उत्तरही याच संदर्भात द्यावे लागले. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९९८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पीएमएसचा तीव्र त्रास असलेल्या स्त्रियांच्या बीजांडांचे काम औषधाने तात्पुरते थांबवल्यावर त्यांपैकी अनेकींचा त्रास कमी झाला. त्यांना पुन्हा इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिल्यावर लक्षणे परतली. असा त्रास कधीच नसलेल्या स्त्रियांना हेच सारे दिले तेव्हा त्यांच्या मनःस्थितीवर परिणाम झाला नाही. म्हणजे फरक हार्मोनच्या प्रमाणात नसतो, सर्वसामान्य चढउतारांना मेंदू किती संवेदनशील आहे यात असतो. म्हणून या प्रश्नासाठी रक्तातील हार्मोन मोजून फारसे हाती लागत नाही. वडिलांना हे पटले आणि त्याचबरोबर ते किंचित निराशही झाले. तपासणीचा कागद हाती आला असता तर मुलीशी बोलण्याची वेळ टळली असती, हे त्यांनी नंतर स्वतःच हसत सांगितले.

शरीराची बाजू

तपासणीची खरी गरज होती ती रक्ताच्या बाबतीत. मुलीचा रक्तस्राव आठ दिवस चालत असे, पहिले दोन दिवस दीड-दोन तासांनी पॅड बदलावे लागे आणि मोठ्या गाठी पडत. सात दिवसांहून अधिक चालणारा किंवा तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजवणारा रक्तस्राव अधिक समजला जातो. आईला याची कल्पनाच नव्हती, कारण तिला स्वतःला असाच त्रास होता आणि तिच्या आईने तो सहन करायला शिकवले होते. हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन ९ निघाले. या वयाच्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय आणि फेरिटिन १५ पेक्षा कमी असणे म्हणजे शरीरातील लोहाचा साठा संपत आल्याची खूण. महिनाभर टिकणारा थकवा, एकाग्रता न होणे आणि चिडचिडेपणा यांत लोहाच्या कमतरतेचा वाटा असू शकतो. पहिल्या पाळीपासूनच रक्तस्राव जास्त असल्याने, आणि आईचाही इतिहास तसाच असल्याने, रक्त गोठण्याच्या दोषांची, विशेषतः वॉन विलेब्रँड आजाराची, तपासणी करण्यात आली. ती निर्दोष आली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यानंतरही साठा भरून येण्यासाठी त्या सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. रक्तस्रावासाठी पहिल्या काही दिवसांपुरती ट्रानेक्सॅमिक ॲसिडची गोळी देण्यात आली.

पोटातील कळांबाबत आईची भूमिका अशी होती की अगदी असह्य झाल्यावरच गोळी द्यायची, नाहीतर सवय लागेल. या कळा प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे गर्भाशय जोराने आकुंचन पावल्याने येतात. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारखी औषधे ही द्रव्ये तयार होण्यासच अटकाव करतात. त्यामुळे ती कळा सुरू होताच, काही खाल्ल्यानंतर आणि पहिले दोन-तीन दिवस ठरावीक अंतराने घेतली तर उपयोगी पडतात. उशिरा घेतली तर पुरेशी लागू पडत नाहीत. अशा वापराने त्यांची सवय लागत नाही. दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. योग्य उपचारानंतरही तीन ते सहा महिन्यांत वेदना कमी झाल्या नाहीत, तर एंडोमेट्रिऑसिससारख्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) कारणांचा शोध घ्यावा लागतो. येथे ती वेळ आली नाही.

सराव सुटण्याचे कारण मुलीने तिसऱ्या भेटीत सांगितले. धावताना कपड्यांवर डाग पडला होता, मागून कोणीतरी हसले होते आणि तिच्या गटातील एका मुलीने ते पुढे पसरवले होते. त्यानंतर ती शाळेत पाणी पिणेच टाळू लागली, म्हणजे स्वच्छतागृहात जावे लागणार नाही. दुपारची डोकेदुखी त्यातून उद्भवली असावी. सहा महिने तिने हे कोणालाही सांगितले नाही. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, पाळीत असं होतंच.”

घरातील बदल

आईला हे ऐकवणे सोपे नव्हते. तिने आपल्या परीने मुलीला समजूनच घेतले होते. “आत्ता तिला काही बोलू नका, तिचे दिवस आहेत,” असे सांगून ती मुलाला आणि नवऱ्याला आवरत असे. त्या दिवसांत मुलीला कामे सांगितली जात नसत, भावाला मारले तरी कोणी हटकत नसे. मुलीला मात्र ही सवलत अपमानाची वाटत होती. “मी वेडी आहे असं सगळे वागतात,” हे तिचे शब्द. पालकांनी पाळीच्या दिवसांत हळुवार असावे हे खरेच, परंतु घराचे नियमच उठवले तर मुलीला असा संदेश जातो की या दिवसांत तिच्या वागण्याला आणि पर्यायाने तिच्या बोलण्यालाही फारसा अर्थ नाही. त्यामुळे ठरले ते असे की, भावाशी उद्धट वागली तर क्षमा मागायचीच. मात्र बोलणी त्याच क्षणी करायची गरज नाही, ती दुसऱ्या दिवशीही होऊ शकतात. पाळीचा उल्लेख भांडणात कोणीही करायचा नाही. मुलीने स्वतः केला तर तो ऐकून घ्यायचा. आणि पाळीआधीच्या दिवसांत काय हवे, काय नको, हे विचारायचे ते पाळी होऊन गेल्यानंतरच्या निवांत आठवड्यात. भर रागात विचारलेला काळजीचा प्रश्नही आरोपासारखा ऐकू येतो.

मुलीने त्या निवांत आठवड्यात दिलेली यादी अगदी छोटी निघाली. गरम पाण्याची पिशवी मागावी न लागता मिळावी, झोपेतून लवकर उठवू नये आणि “काय झालं” असे एकदाच विचारावे. झोपेचा मुद्दा तिने सहज सांगितला असला तरी तो महत्त्वाचा आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तासांची झोप लागते आणि ही मुलगी शाळेच्या दिवसांत सहा-साडेसहा तासच झोपत होती. अपुऱ्या झोपेवर पाळीआधीची चिडचिड अधिक तीव्र होते हे तिच्याच नोंदींत दिसत होते.

वडिलांचे काम ठरवताना समुपदेशकाने त्यांच्याकडून मोठ्या संवादाची अपेक्षा ठेवली नाही. पॅड संपत आले की काही न बोलता आणून ठेवणे, मुलगी शाळेत अडकली तर तिला घ्यायला जाणे आणि धाकट्या मुलाने विचारल्यास सरळ शब्दांत पाळी म्हणजे काय ते सांगणे. यातील तिसरे काम त्यांना सर्वांत अवघड वाटले, तरीही त्यांनी ते केले. शाळेतही तेच गेले. सरावादरम्यान स्वच्छतागृहात जाण्यासाठी सर्वांसमोर परवानगी मागावी लागू नये आणि गडद रंगाचा पोशाख चालावा, एवढ्या दोन मागण्या त्यांनी केल्या. त्याआधी मुलीला विचारण्यात आले होते आणि डागाचा प्रसंग शाळेत सांगायचा नाही ही तिची अट पाळली गेली.

आईसोबत स्वतंत्रपणे दोन भेटी झाल्या. तिच्या स्वतःच्या किशोरवयाविषयी ती प्रथमच सविस्तर बोलली. तिच्याही रक्ताची तपासणी झाली आणि तीही रक्तक्षयी निघाली. मुलीच्या प्रकरणातून आईचा आजार उघडा पडणे या क्षेत्रात मुळीच दुर्मीळ नाही.

चार महिन्यांनंतर

हिमोग्लोबिन १२.१ पर्यंत आले होते आणि शाळा बुडणे थांबले होते. पाळीआधीची चिडचिड टिकून होती, फक्त तिची तीव्रता उतरली होती आणि ती येणार हे मुलीला आधीच कळत होते. पाळीची तारीख मागेपुढे होतच होती. धावण्याच्या सरावाला ती परत गेली नाही. पालकांना याचे वाईट वाटले, पण त्यांनी आग्रह धरला नाही. मैत्रिणींच्या गटातून बाहेर पडल्याचे दुःख आणि त्यातून आलेली उदासी पूर्णपणे गेलेली नव्हती. त्यासाठीच्या भेटी पंधरा दिवसांतून एकदा सुरू आहेत आणि त्यांत आता पाळीचा विषय क्वचितच निघतो. आईच्या तोंडून जुने वाक्य या काळात दोनदा निसटले. एकदा मुलीने दार आपटले. दुसऱ्यांदा तिने नोंदवही आणून तारीख दाखवली आणि भांडण मूळ मुद्द्यावर, म्हणजे गणिताच्या शिकवणीवर, पुढे चालू राहिले.

उदासी आणखी वाढली, पाळीनंतरही झोप किंवा भूक बिघडलेली राहिली किंवा “सगळे बंद पडावे” हा विचार परत आला, तर भेटीची वाट न पाहता बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे, हे तिघांनाही लेखी देण्यात आले आहे. फेरिटिनची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे.